अणुअपघात झालाच, तर रानभाजीचे काय?

मृगाच्या दोन सरी पडल्या की आठ-दहा दिवसांत मंडईच्या बाहेर, कोथरूड-कर्वेनगरच्या पदपथांवर टाकळा दिसू लागतो. पाठोपाठ कुरडू, फोडशी, भारंगी, शेवळ येतात. गेल्या काही वर्षांत अधूनमधून आणखी एक गोष्ट उगवते, मोबाइलवरचे इशारे. २०११ मध्ये फुकुशिमा, २०२२ मध्ये युक्रेनचे झापोरिझ्झिया, आणि मे २०२५ मध्ये भारत-पाकिस्तान संघर्षाच्या वेळी पाकिस्तानातल्या किराणा टेकड्यांतून किरणोत्सर्गाची गळती झाल्याची अफवा. त्या शेवटच्या वेळी पाकिस्तानातील कोणत्याही अणुकेंद्रातून गळती झालेली नाही, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने स्पष्ट केले. तरी प्रश्न येतच राहिले: "पावसातून ते खाली येईल का? यंदा टाकळा खावा का? मुलांना द्यावा का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगे नाहीत. ते फक्त चुकीच्या वेळी विचारले जातात. खरा अपघात होईल तेव्हा विचार करायला सवड नसेल, म्हणून आज डोके शांत असताना हे वाचून ठेवा.

आधी नकाशा काढा

पुण्यापासून सरळ रेषेत मोजले, तर ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या अणुभट्ट्या सुमारे ११५ किलोमीटरवर आहेत. तारापूर सुमारे १९०, तर प्रस्तावित जैतापूर सुमारे २२० किलोमीटरवर. कारवारजवळचे कैगा ४०० किलोमीटरच्या पुढे आहे. आपल्याकडे अणुवीज केंद्राभोवतीचे आणीबाणी नियोजनाचे क्षेत्र १६ किलोमीटरचे धरले जाते. म्हणजे घर सोडून पळणे, दारे-खिडक्या बंद करून बसणे हे पुणेकरांच्या वाट्याला येण्याची शक्यता अगदीच कमी.

अन्नाचा हिशेब मात्र वेगळा आहे. १००० मेगावॉटपेक्षा जास्त औष्णिक क्षमतेच्या अणुभट्टीत गंभीर अपघात झाला, तर अन्नाबाबतची खबरदारी ३०० किलोमीटरपर्यंत घ्यायची तयारी ठेवा, असे आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे मार्गदर्शन सांगते. तारापूरच्या ५४० मेगावॉट विजेच्या दोन भट्ट्या या गटात बसतात. म्हणजे पुण्यासाठी अणुअपघात हा पळापळीचा नाही, ताटाचा प्रश्न आहे. आणि ताटात सगळ्यात आधी दोन गोष्टी तपासायच्या, दूध आणि रानातून आलेले काहीही.

"पावसाळ्यात वारा समुद्राकडून येतो, तारापूर तर वायव्येला, मग आपल्याला काय?" असे कोणी म्हणेल. वाऱ्याचा कल खरा आहे, पण त्याच्या भरवशावर भाजी खाऊ नये. चेर्नोबिलचा ढग दोन हजार किलोमीटरहून लांब वेल्सच्या डोंगरांवर पोहोचला आणि नेमका जिथे पाऊस पडत होता तिथे उतरला. तिथल्या मेंढ्यांच्या विक्रीवरची बंधने पूर्णपणे उठली ती थेट २०१२ मध्ये, अपघातानंतर २६ वर्षांनी. ढग कुठून जातो यापेक्षा तो कुठे बरसतो हे महत्त्वाचे. आणि आपल्या रानभाज्या येतात मुळशी, ताम्हिणी, वेल्हे, भोर, मावळ या भागांतून, जिथे पाऊस धो धो कोसळतो.

शेतातली मेथी आणि रानातला टाकळा सारखे का नाहीत?

शेत नांगरता येते, वरची माती काढता येते, पोटॅशचे खत देता येते. अपघातात बाहेर पडणारे सिझियम हे मूलद्रव्य झाडाला पोटॅशियमसारखे वाटते. जमिनीत पोटॅश भरपूर असेल तर झाड सिझियम कमी घेते. फुकुशिमाच्या भातशेतांत हेच केले गेले आणि ते बऱ्याच प्रमाणात साधले. डोंगराला पोटॅश कोण घालणार? तिथे पाने गळतात, कुजतात, त्याच कुजलेल्या थरातून बुरशी आणि मुळे सिझियम पुन्हा वर ओढतात. पुढच्या वर्षी तेच चक्र. म्हणून जपानमध्ये शेतमालावरची बंधने लवकर उठली, पण काही भागांत रानातल्या अळंब्या आणि कोवळ्या कोंबांवरची बंधने दशक उलटले तरी राहिली. कोशिआबुरा नावाच्या झाडाचे वसंतातले कोवळे कोंब हे तिथले बदनाम उदाहरण. बांबूचे कोंब आणि नेचेही त्या यादीत आले.

रानभाजी म्हणजे काय, तर बहुतेक वेळा कोवळा कोंब. आणि झाड पोटॅशियम सगळ्यात जास्त पाठवते ते वाढत्या कोवळ्या भागाकडेच.

पहिले तीन महिने: खाऊ नका

अपघातानंतर लगेच दोन पदार्थ त्रास देतात. एक किरणोत्सारी आयोडीन, ज्याचे अर्धायुष्य आठ दिवसांचे. म्हणजे दर आठ दिवसांनी ते निम्मे होते आणि ८० दिवसांत हजारावा हिस्सा उरते. दुसरे सिझियम-१३७, अर्धायुष्य सुमारे ३० वर्षे. पहिले लहान मुलांच्या थायरॉइडला घातक, दुसरे चिवट. सुरुवातीला दोन्ही पानावर धुळीसारखी बसतात. ती मुळातून आलेली नसतात, वरून पडलेली असतात. या काळात काय करायचे ते असे:

- उघड्यावरची पालेभाजी, मग ती रानातली असो, परसातली असो की गच्चीवरच्या कुंडीतली, प्रशासनाचा निरोप येईपर्यंत तोडू नका. अपघाताची बातमी येताच, ढग पोहोचण्याआधी तोडून फ्रीजमध्ये ठेवलेली भाजी चालते.
- दुधाकडे भाजीपेक्षा जास्त लक्ष द्या. चेर्नोबिलनंतर मुलांमध्ये थायरॉइड कर्करोगाचे हजारो रुग्ण निघाले, त्याचे मुख्य कारण दूषित गवत खाल्लेल्या गायींचे ताजे दूध होते. घरात लहान मूल असेल तर आधी भरलेल्या पाकिटातली दूध पावडर वापरा. गावाकडून येणारे चरणाऱ्या गायी-म्हशींचे दूध थांबवा.
- पावसाचे पाणी पिण्यासाठी किंवा स्वयंपाकासाठी साठवू नका. नळाच्या पाण्याबाबत महापालिका काय सांगते ते ऐका. धरणातले पाणी प्रचंड असते, त्यामुळे तिथे पडलेले पदार्थ विरळ होतात.
- डाळ, तांदूळ, गहू, कांदे-बटाटे, डबाबंद वस्तू, जे आधीपासून घरात किंवा गोदामात झाकलेले आहे ते निर्धास्त खा.

तीन महिने हा आकडा मी आयोडीनच्या हिशेबाने सांगतो आहे. टाकळ्याचा हंगाम तर त्याहून छोटा. म्हणजे व्यवहारात अर्थ एवढाच, की तो एक पावसाळा सोडून द्यायचा.

पुढची वर्षे: कशाला आधी नाही म्हणायचे?

आयोडीन संपले की सिझियम उरते, आणि आता ते पानावर नाही, जमिनीत असते. इथे सगळ्या रानभाज्या एका मापाने मोजू नका. जपान आणि युरोपातल्या अनुभवावरून आपल्याकडच्या भाज्यांना लावलेला क्रम असा:

१. अळंबी. सगळ्यात आधी बंद आणि सगळ्यात शेवटी सुरू. बव्हेरियातल्या जंगलांत काही अळंब्या आणि त्या खाणारी रानडुकरे चेर्नोबिलनंतर कित्येक दशके मर्यादेबाहेर सापडत आली आहेत. शेडमध्ये भुश्शावर वाढवलेल्या धिंगरी अळंबीचा प्रश्न वेगळा आहे. तिथे फक्त भुस्सा कुठला, हे विचारायचे.
२. वासते, म्हणजे बांबूचे कोंब, आणि झाडांचे व वेलींचे कोवळे शेंडे. चाईचे बोखे यात येतात.
३. टाकळा, कुरडू, फोडशी, भारंगी. मोजणीशिवाय नको. मात्र एकाच भागातल्या दोन टेकड्यांच्या भाजीत दसपट फरक असू शकतो, म्हणून "मुळशीची भाजी वाईट" असे सरसकट म्हणण्यात अर्थ नाही.
४. करटोली आणि रानफळे. युक्रेनच्या जंगलांतली बेरीवर्गीय फळे बराच काळ दूषित राहिली, म्हणून करवंदांनाही मोजणीशिवाय मोकळीक देऊ नका.

शेवटचे एक. वाळवलेली वस्तू वेगळी धरा. भाजी वाळली की पाणी जाते, सिझियम जात नाही. ताज्या अळंबीत किलोमागे जे प्रमाण असते ते वाळवलेल्या अळंबीत दहापट दिसू शकते.

आकडा हातात आला तर तो वाचायचा कसा?

अन्नातला किरणोत्सर्ग 'किलोमागे किती बेकरेल' असा मोजतात. एक बेकरेल म्हणजे दर सेकंदाला एका अणूचे विघटन. सिझियमसाठी जगात एकच मर्यादा नाही आणि नेमका इथेच लोकांचा गोंधळ उडतो. आंतरराष्ट्रीय व्यापारासाठी कोडेक्स या अन्नमानके ठरवणाऱ्या संस्थेने धरलेली पातळी १००० आहे. चेर्नोबिलनंतर युरोपने आयात अन्नाला ६०० आणि दुधाला ३७० धरले. जपानने एप्रिल २०१२ पासून सर्वसाधारण अन्नाला १०० आणि दूध व बाळांच्या अन्नाला ५० धरले. यात कोणी खोटे बोलत नाही. तुमच्या ताटातला किती हिस्सा दूषित असेल, याचे प्रत्येकाचे गृहीतक वेगळे आहे. जपानने निम्मे अन्न दूषित असेल असे धरले, कोडेक्सने दहावा हिस्सा.

आता हिशेब करू. किलोमागे १००० बेकरेलची भाजी तुम्ही एका वेळी २०० ग्रॅम खाल्ली, तर सिझियम-१३७ मुळे प्रौढ माणसाला किरणोत्सर्गाची साधारण अडीच मायक्रोसिव्हर्ट मात्रा मिळते. माती, दगड, हवा आणि आकाशातून आपल्याला दिवसाला सरासरी साडेसहा मायक्रोसिव्हर्ट मिळतातच. म्हणून "परवा चुकून खाल्ली हो!" असा फोन कोणी केला, तर त्याला दवाखान्यात पळवू नका. प्रश्न एका जेवणाचा नसतो, रोज, वर्षभर, आणि त्यातून लहान मुलांनी खाण्याचा असतो.

धुणे, उकडणे, पिळणे

आपल्या आज्यांनी हे आधीच शिकवून ठेवले आहे. शेवळ काकडांबरोबर शिजवायची ती घशाला खाज येऊ नये म्हणून. भारंगीचा पाला उकडून, घट्ट पिळून, ते हिरवे पाणी ओतून द्यायचे तो कडवटपणा जावा म्हणून. जपानी आज्याही वाराबी नावाचा नेचा राखेच्या पाण्यात उकळून ते पाणी फेकतात. हेतू कडू काढण्याचा, पण सिझियम पाण्यात विरघळत असल्याने तेही बरेच निघून जाते.

म्हणून मर्यादेच्या आत असलेली, पण थोडे सिझियम दाखवणारी भाजी घरी आणलीत, तर अशी करा. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी घ्या, भाजी बुडवा, हलवा, वर उचलून घ्या आणि पाणी ओता. हे तीनदा. भाजी उचलायची, पाणी भाजीवरून ओतायचे नाही, नाहीतर खाली बसलेली माती पुन्हा पानांवर येते. मग चिरून भरपूर पाण्यात उकळा, पिळा, पाणी टाका. भाजीगणिक फरक पडतो, पण बऱ्याचदा निम्म्याच्या आसपास सिझियम असे जाते. वाफेवर, स्वतःच्याच पाण्यात परतलेल्या भाजीत ते सगळे तसेच राहते. आणि ते हिरवे पाणी 'जीवनसत्त्वे वाया जातात' म्हणून आमटीत घालायची सवय असेल, तर त्या वर्षापुरती सोडा.

मर्यादेबाहेरची भाजी मात्र उकडून 'सुधारण्याचा' प्रयत्न करू नका. फेकून द्या.

हमखास होणाऱ्या चुका

- पाणी उकळून पिणे. उकळण्याने जंतू मरतात, किरणोत्सर्ग मरत नाही. पाणी आटले तर प्रमाण उलट वाढते.
- घशाला जखमेचे आयोडीन लावणे किंवा आयोडीनयुक्त मीठ भरमसाठ खाणे. २०११ मध्ये हे दोन्ही प्रकार आशियात झाले, चीनमध्ये तर मिठासाठी रांगा लागल्या. पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या वेगळ्या असतात. त्या प्रशासनाच्या सूचनेनेच, ठरलेल्या वेळी घ्यायच्या. सिझियमवर त्यांचा काडीचाही उपयोग नाही.
- ऑनलाइन मागवलेला गायगर काउंटर भाजीच्या जुडीवर धरणे. पालकात निसर्गतःच किरणोत्सारी पोटॅशियम असते, किलोमागे दीडशे बेकरेलच्या आसपास. हातातल्या यंत्राला ते आणि सिझियम वेगळे ओळखता येत नाही, आणि शंभरची मर्यादा तर त्याला दिसतही नाही. अन्नासाठी शिशाच्या कवचातली गॅमा स्पेक्ट्रोमेट्री लागते. प्रयोगशाळेला फोन केलात तर तेवढे एकच विचारा: "अन्नाच्या नमुन्याची गॅमा स्पेक्ट्रोमेट्री करता का?"
- रंग, वास, चव पाहून ठरवणे. दूषित टाकळा इतर टाकळ्यासारखाच हिरवागार आणि चविष्ट असतो.
- 'सेंद्रिय आहे, रानातले आहे, म्हणून शुद्ध'. या एका बाबतीत नेमके उलटे आहे.

ओघात आले म्हणून सांगतो. अपघाताची वाट न पाहता आजच टाळावी अशी भाजी पुण्यात आहे. मुळा-मुठेच्या काठावर, नाल्याच्या पाण्यावर पोसलेले अळू आणि घोळ, रेल्वे रुळांच्या कडेचा तणनाशक मारलेला पाला, महामार्गाच्या दुभाजकांतला तांदुळजा. सिझियमची चिंता करणारे अनेकजण हे निवांत खातात.

निरोप कोणाचा ऐकायचा?

अणुकेंद्राबाहेरच्या आणीबाणीत जिल्ह्याची सूत्रे जिल्हाधिकाऱ्यांकडे असतात. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७. अन्नविक्रीबाबतचे आदेश अन्न व औषध प्रशासनाकडून येतील. मोजमाप भाभा अणुसंशोधन केंद्राकडे आहे. देशभर त्यांच्या किरणोत्सर्ग मोजणाऱ्या केंद्रांचे जाळे आहे, आणि प्रत्येक अणुवीज केंद्राजवळ त्यांची पर्यावरण प्रयोगशाळा दूध, भाज्या आणि मासे नेहमीच तपासत असते. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची पाचवी बटालियन तर आपल्या शेजारी, तळेगावजवळ सुदुंबरे येथे आहे. याखेरीज जे काही 'फॉरवर्ड' येईल त्यात तारीख, ठिकाण आणि मोजलेला आकडा हे तिन्ही नसतील, तर पुढे पाठवू नका.

तुमचे हक्क

हा विषय कोर्टात गेलेला आहे, तोही मुंबईहून. चेर्नोबिलनंतर युरोपीय समुदायाकडून आलेले आयर्लंडचे लोणी मुंबईत वितरणासाठी आले, तेव्हा त्यात किरणोत्सर्ग आहे म्हणून नागरिकांनी याचिका केली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचले. १९८८ मध्ये न्यायालयाने तीन तज्ज्ञांची समिती नेमली आणि तिच्या अहवालात ते लोणी खाण्यास योग्य ठरले. निकाल याचिकेच्या विरुद्ध गेला, पण मोजा आणि सांगा, ही मागणी मान्य झालीच.

- तपासून घेण्याचा हक्क. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ च्या कलम ४० नुसार ग्राहकाला विकत घेतलेला पदार्थ शुल्क भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेता येतो. अट एकच: खरेदी करतानाच विक्रेत्याला तसे सांगायला हवे. दुकानातल्या पाकीटबंद वाळवलेल्या अळंबीसाठी हे उपयोगी आहे. पावती जपा.
- माहितीचा हक्क. मोजणीचे आकडे माहिती अधिकारात मागता येतात. मुदत ३० दिवसांची, पण माहिती जीविताशी निगडित असेल तर ४८ तासांची. अर्जात तसे स्पष्ट लिहा.
- भरपाई. अणुहानीच्या नागरी दायित्वाचा कायदा २०१० मध्ये झाला. त्यात मालमत्तेच्या नुकसानीच्या दाव्याला १० वर्षे आणि शारीरिक इजेसाठी २० वर्षे अशी मुदत घातली होती. असे कायदे बदलत असतात, म्हणून दावा करण्याची वेळ आली तर त्या दिवशी लागू असलेला मजकूर वकिलाकडून पाहून घ्या. नोंदी मात्र पहिल्या दिवसापासून ठेवा: काय, कधी, कुठून घेतले, काय फेकले.

आणि भाजी विकणाऱ्या मावशी?

जपानमध्ये अपघाताइतकाच फटका अफवेने दिला. मोजून स्वच्छ निघालेला मालही पडून राहिला. आपल्याकडे हा फटका पहाटेच्या एसटीने पौडहून पाटी घेऊन येणाऱ्या बाईला बसेल. तिच्याकडे ना पावती, ना संघटना, ना वर्षभर थांबण्याइतके पैसे. रानभाजीवर बंदी आली तर बंदी पाळा, पण भरपाईच्या यादीत शेतकऱ्याबरोबर वनोपज गोळा करणाऱ्यांचीही नावे असावीत, हे ग्रामसभेत आणि जिल्हाधिकारी कार्यालयात मागायला त्यांना मदत करा. वनहक्क कायदा, २००६ ने गौण वनोपजावरचा त्यांचा हक्क मान्य केलेला आहे, त्याचा आधार घेता येईल.

तोवर एक सवय आजच लावून घ्या. भाजी घेताना "मावशी, कुठल्या रानातली?" एवढे विचारा. बहुतेकजणी गावाचे, कधी टेकडीचेही नाव सांगतात. वेळ आलीच, तर मोजणीच्या नकाशावर तुमची भाजी शोधायला तेवढी माहिती पुरेल. आणि यंदाचे विचाराल तर पुण्यात किरणोत्सर्गामुळे कोणतीही रानभाजी टाळण्याचे कारण नाही. टाकळा कोवळा असेल तोवर घ्या, जून झाला की चोथट लागतो.